आठ कोनांचा मांडव

अण्णा, तो दिवस मला अजून दिसतो: सडा टाकून झालाय, रांजण भरलाय, आणि मी पोत्यात गुंडाळलेली करवत काखेत धरून तुमच्यामागं चालतेय. निजामावरच्या पोलीस ॲक्शनला सात-आठ वर्षं झाली असतील, मी अकराची. हर्सूलहून शहरातल्या वकीलसाहेबांच्या बंगल्यावर जायचंय. त्यांच्या बीबींना बागेत बसायला लाकडी मांडव हवा होता. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, गोल बनाव, गुंबद के जैसा." तुम्ही म्हणालात, "बनाता ना बीबी. पैले एक दिन खाट डालके बैठो." मला वाटलं, तुम्ही चेष्टा करताय. पण त्या खरंच बसल्या, पानदान घेऊन. ऊन सरकलं की खाट सरकायची. चिंचेखालून हौदाकडं, हौदापासून मागच्या भिंतीकडं. तिथं वारा होता, घरातली हाकही ऐकू यायची. दिवस कलेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. तुम्ही खाटेच्या चार पायांपासून हात-हात सोडून चुन्याचे ठिपके दिले आणि सरळ चार खांबांचा, दोन्हीकडं उतरता मांडव बांधला. येताना मी कुरकुरले, "गोलच छान दिसला असता." तुम्ही थांबलात. "कुणाला दिसला असता? आत बसणाऱ्याला छप्पर दिसत नाय, बाई. त्याला सावली लागती." आणि पुढं चालू लागलात. मला ते फार लागलं होतं.

तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. मी गारखेड्यात राहते. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. घरामागं थोडी मोकळी जागा आहे, कढीपत्ता, एक जास्वंद, धुण्याचा दगड. ह्यांना तिथं मांडव हवा होता. जन्मभर कचेरीत कारकुनी केलेला माणूस, पट्टी-पेन्सिल घेऊन कॅलेंडरच्या पाठीवर आठ कोनांचा नकाशा काढून बसला. मध्यभागी उभा, टोकदार छप्पर, भोवती कठडा. त्यानंतर आजारपण आलं आणि कागद कपाटात गेला. यंदा मी ठरवलं, मांडव बांधायचा आणि तो आपल्या हातानं. मुलगा शेंद्र्याला कंपनीत आहे. त्यानं फोनवर चार खांबांचा एक तयार नमुना दाखवला, पण वर लगेच म्हणाला, "आई, बाबांचा नकाशा असताना दुसरं बघायचं कशाला?" मी आणखी एक काढला होता, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून एका अंगाला उतरता, पुढं फक्त दोन खांब. तो बघून म्हणाला, "हे काय, गोठ्यावाणी."

मग मी तुमची रीत वापरली. सकाळी खुर्ची आणि पुस्तक घेऊन बरोबर मधोमध बसले, जिथं ह्यांनी नकाशात मांडवाची फुली मारली होती. वाचायला मी खिळ्यांच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले, तुमच्याच सुतारकामाच्या दुकानात. आता डोळ्यांना ऊन चालत नाही. नऊ वाजता उठले, अकराला उठले, एकला उठले. सूनबाई कपडे वाळत घालत होती. "आत्या, तुम्ही घड्याळाच्या काट्यावाणी फिरायलात. चावी कुणी दिली?" मी म्हटलं, "माझ्या बापानं." ती हसून आत गेली. शेवटी खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी टेकली ती संध्याकाळपर्यंत तिथंच राहिली. आतून कुकरची शिट्टी, सुनेचं गुणगुणणं, कढीपत्त्याचा वास. मधोमध बसले होते तेव्हा आपण कुणाची तरी वाट बघतोय असं वाटत होतं. इथं तसं वाटेना. पण ह्यांचा कागद बाजूला सारायचा म्हणजे ह्यांनाच बाजूला सारल्यासारखं. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

रविवारी मुलगा दुसरीकडून ड्रिल मशीन मागून घेऊन आला. "बोल आई, कोणता?" मी म्हटलं, "भिंतीचा. तुझ्या बाबांचे आठ कोन मला कापता यायचे नाहीत रे, हात थरथरतात आता." त्यानं कागदावर नजर टाकली. मग म्हणाला, "व्हय, अवघडच हाय ते. बाबांना कळलं असतं." त्याचा लगेच विश्वास बसला, याचंच मला वाईट वाटलं.

तुमचा बसला नसता. कोन कसा धरायचा, करवत कशी तिरकी लावायची, हे तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून शिकवलंय. थरथर आहे, पण आठ काय, बारा कोनही मी हळूहळू कापले असते. खरं असं आहे की तो मांडव मला पहिल्यापासून आवडला नव्हता. नकाशा पुरा झाला तेव्हा ह्यांनी कागद पुढं करून विचारलं होतं, "कसाय?" आणि मी म्हणाले होते, "लई छान." त्यांचा चेहरा इतका उजळला की पुढं कधी खरं सांगावंसं वाटलं नाही, आणि नंतर वेळ राहिली नाही. हे पत्र खरं तर ह्यांना लिहायचं होतं. दोनदा बसले, मायन्यापुढं सरकलं नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं. तुम्ही मला रागावू शकता, ते कधी रागावले नाहीत.

त्या रविवारनंतर दुसऱ्या दिवशी, मुलगा कामावर गेल्यावर, मी भिंतीपासून सात फूट मोजून पहिल्या खांबाचा खड्डा खणला.