भुशाचं निमित्त

८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून जगाचे फोन जोडून दिलेस आणि आता स्वतःच्याच फोनवर तुला ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र. मला नोकरी लागली, तीही घरबसल्या. साबणाची वेष्टनं, बिस्किटांचे पुडे, मुलांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं, असलं सगळं डिझाइन करायचं.

सध्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर भागवते आहे, पण त्याची बॅटरी गेलीय, एकाच जागी वायर लावून चालतो, आणि तो परतही द्यायचाय. आता स्वतःचं काय घ्यायचं यावरून घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात डेस्कटॉप. दुकानदाराने त्यांना पढवलंय की पडदा मोठा, रंग खरे दिसतात, बिघडलं तर एकेक भाग बदलता येतो, मान अवघडत नाही. हे सगळं खरं आहे, तीच तर पंचाईत आहे. मला लॅपटॉप हवाय.

बाबांनी टेबलसुद्धा करायला घेतलंय. मी जेवत असताना टेप घेऊन आले आणि माझ्या कोपरापासून जमिनीपर्यंतचं माप घेऊन गेले. वायरींना भोकं, डेस्कटॉपच्या खोक्याला खण, पाय टेकायला आडवी पट्टी. मी त्यांना सांगितलं, पलीकडच्या खोलीत तुमची करवत चालते, डेस्कटॉपचा पंखा सगळा भुसा आत ओढेल आणि मशीन बंद पडेल. तूच त्यांना लिही की लॅपटॉप बरा. तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत.

लोभ माझ्या बाजूने झुकता असू दे.

तुझी लाडकी,
ठमी


१७ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

नोकरीची बातमी मी शेजारणीला दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा तिने मागितली नव्हती.

आता तुझ्या भुशाविषयी. मी इथे चौकशी केली, तर कळलं की लॅपटॉपलाही पंखा असतो. मग भुसा त्याच्या नाकात जाणार नाही, फक्त डेस्कटॉपच्याच जाईल, असं काही ठरलंय का? बापाच्या भुशात तू रांगलीस. त्यात बोटाने कोंबड्या काढायचीस, आणि त्यावर पाय पडला की घर डोक्यावर घ्यायचीस. तेव्हा तुला साधी शिंक आली नाही. खरं कारण कळव, मग मी भावाला लिहीन. माझे कान गेलेत, डोकं जागेवर आहे.

खोटं बोललीस तरी लोभ आहेच.

तुझी आत्या


२५ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, पोरीच्या मशीनचं घोडं अडलंय. ती म्हणाली, भुशाने डेस्कटॉप खराब होईल. तिचं बरोबर आहे. इतकी वर्षं घरभर भुसा केला, पण तो कुणाला नको असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मनाला फार लागलं. करवतीचं मशीन आता मागच्या अंगणात नेलंय. डोक्यावर छप्पर नाही, ऊन लागतं, पण वारा भुसा परस्पर घेऊन जातो. घरात यायच्या आधी कपडे झटकतो.

तिचं साहेबलोकांशी पडद्यावर बोलणं चालू असलं की मी तिच्या मागून वाकून जातो. एकदा न बघता फळी घेऊन मध्येच गेलो होतो, तेव्हा तिची फार अडचण झाली. पोरीला चारचौघांत खाली बघायला लागू नये, एवढंच.

टेबल झालंय, पण ती त्यावर बसत नाही. उंची चुकली का, हे तू विचारून बघ. तिला लॅपटॉपच हवा असेल तर खुशाल घेऊ दे. टेबल इस्त्रीला होईल.

या धाकट्यावर लोभ असू दे.

तुझा,
भाऊ


२ एप्रिल

चि. ठमीस,
अ. आ.

तुझ्या बापाचं पत्र आलं. करवत अंगणात, उन्हात गेली हे कळलं. लॅपटॉप की डेस्कटॉप ते नंतर बघू. तो तुझ्या मागून वाकून का जातो, एवढंच कळव.

आत्या


६ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि पत्र लिहिणं म्हणजे तोंड दाखवणंच.

नोकरीची मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती. ऐन बोलण्यात माझ्यामागून बाबा खांद्यावर फळी घेऊन गेले. अंगात बनियन, केसांत भुसा. समोरच्या बाईंनी सहज विचारलं, घरात काही काम चाललंय का. मी म्हणाले, हो, सुतार आलाय. दार उघडं होतं.

 दुसऱ्या दिवसापासून बाबा माझा कॉल चालू असला की वाकून जायला लागले. मला ते दिसायचं आणि मी दिसत नसल्यासारखं करायचे. लॅपटॉप एवढ्यासाठीच हवा होता की तो उचलून कुठल्याही कोऱ्या भिंतीपुढे बसता येईल, मागून बाबा जाणार नाहीत. भुशाचं निव्वळ निमित्त होतं. त्यांनी ते खरं मानलं आणि उन्हात जाऊन उभे राहिले. मी खिडकीतून बघत राहिले. तुझं शेवटचं पत्र आल्यावर माझ्याच्याने ते बघवेना.

मी अंगणात गेले, करवत बंद करायला लावली आणि सगळं सांगितलं. मला तुमची लाज वाटली होती, असंच म्हणाले, शब्द बदलले नाहीत. त्यावर ते म्हणाले की ते त्यांना माहीत होतं, आणि निदान शर्ट तरी घालायला हवा होता, चूक त्यांचीच झाली. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

डेस्कटॉप घेतला. करवत आत आली. टेबल मी फिरवून ठेवलंय, माझ्या पाठीमागे आता त्यांच्या कामाच्या खोलीचं दार येतं. पहिल्याच कॉलला बाईंना सांगितलं की मागे काम करतात ते माझे वडील आणि मुलाखतीत मी खोटं बोलले होते. त्या बरं म्हणाल्या आणि साबणाच्या वेष्टनाकडे वळल्या. खोक्यातला भुसा मी बाबांच्याच ब्रशने झाडते. रंग खरोखर खरे दिसतात, आणि टेबलाची उंची तंतोतंत आहे.

पण आत्या, बाबा अजून वाकूनच जातात. मी म्हणते, बाबा, सरळ चाला. ते हो म्हणतात, आता सवय लागली म्हणतात, आणि पुन्हा वाकतात. पडद्याच्या कोपऱ्यात फळीचं टोक सरकताना दिसतं, बाबा दिसत नाहीत.

लोभ असावा असं लिहायला या वेळी हात धजत नाही. तरी असावा.

तुझी,
ठमी