जिभेखालची गोळी

मंगळ., ७ जाने. गडचिरोली, ताईच्या घरी

काल दुपारपासून कॅप्सूल नाही. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, त्रास सुरू झाल्यावरच या, आधी आलात तर व्यसन सोडवायची गोळी उलटी बाधेल. सुरू झाला. नाक गळतं, जांभया थांबत नाहीत, पोटऱ्या कोणी पिळून राह्यलं असं. प्रकाशने शाळेतून रजा काढली. पंधरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझी पिशवी त्याच्या हातात.

बाईंनी विचारलं, दिवसाला किती? मी म्हणाली आठ. मग म्हणाली चौदा. प्र. भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत राहिला.

गोळी जिभेखाली ठेवायची. गिळायची नाही, बोलायचं नाही. कडू जहर. तासाभरात पोटऱ्या सुटल्या. चहा मागून घेतला. नशा वगैरे काही नाही. नुसती मी.

गुरु., ९ जाने.

डोस ठरला. आता दर मंगळवारी व्यसनमुक्ती ओपीडीत यायचं, आठवड्याच्या गोळ्या न्यायच्या. समुपदेशक ताई म्हणाल्या, रोज दोन ओळी लिहा. म्हणून ही वही.

लिहायचं तर हे: दोन वर्षांपूर्वी वनरक्षकाच्या गस्तीवर नाल्यात घसरली, कमरेवर पडली. दहा दिवसांच्या दुखण्याच्या कॅप्सूल लिहून मिळाल्या. अकराव्या दिवशी दुखणं होतंच, आणि आलापल्लीत सुरेशभाऊचं मेडिकल होतं. त्यांनी चिठ्ठी मागितली नाही. तेव्हाही नाही, नंतर कधीच नाही. मीही दुसऱ्या दुकानात गेली नाही.

सोम., १३ जाने.

दर मंगळवारी सुट्टी मागायची तर कारण द्यावं लागणार. प्र. म्हणाला, कमरेचं सांग, खोटं थोडीच आहे. पण अर्धं खरं सांगायची दोन वर्षांची सवय आहे मला. तीच मोडायची आहे.

रेंजर साहेबांसमोर उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. जंगलाचं बीट सांभाळता येईल का, म्हणाले.

"साहेब, चौदा कॅप्सूल खाऊन सांभाळत होती. आता शुद्धीत सांभाळीन."

डॉक्टरांचं पत्र आणा म्हणाले. उन्हाळाभर बीट माझ्याकडे, पुढचं मग पाहू. बाहेर आली तेव्हा भूक लागली होती.

बुध., २९ जाने.

जाळरेषेचं काम सुरू. सागाखालचा पाचोळा झाडून पट्टा मोकळा करायचा, म्हणजे वणवा पुढे सरकत नाही. लालसूभाऊ, आमचे जुने वनमजूर, सोबत. कंबर ठणकली. बसली, पाणी प्यायली, उठली. पूर्वी असं दुखलं की खिशात हात जायचा. आजही गेला. खिशात शिट्टी होती.

लालसूभाऊ म्हणाले, "बाई, औंदा तुम्ही पाखरं ऐकून राह्यल्या. मागच्या साली तुमाले मी हाक मारलेली ऐकू येत नव्हती."

दोन वर्षं वाटलं, कोणाला कळत नाही.

रवि., २ फेब्रु.

प्र.ला ताप. सुरेशभाऊकडे तापाच्या गोळ्या आणायला गेली. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कॅप्सूलची दोन पाकिटं कागदात गुंडाळून पुढे ठेवली. नेहमीसारखी. माझा हातही काउंटरपर्यंत गेला. मग वळली आणि सरळ घरी.

तापाच्या गोळ्या राहूनच गेल्या. प्र. तापातच उठला, स्कार्फ बांधून गाडीवर दुसऱ्या दुकानातून घेऊन आला. दोघंही हसलो. खूप दिवसांनी.

मंगळ., ११ फेब्रु.

ओपीडीच्या बाकावर दुपट्ट्यात तोंड गुंडाळून एक माणूस. नाक गळतंय, पाय हलतोय. मी ओळखलं. त्यांनीही.

सुरेशभाऊ.

उठून जावंसं वाटलं. मग वाटलं, इथेच धरून विचारावं. काहीच केलं नाही. त्यांनीच विचारलं, हळू आवाजात.

"पयला दिवस लय जड जाते का, मॅडम?"

"दुपारपर्यंत. मग सुटते."

पाच वर्षांपासून स्वतःच त्या कॅप्सूल खात होते म्हणाले. दात दुखत होता, तेव्हापासून. ड्रॉवर हाताशीच. राग आला होता तो कुठे ठेवू कळेना. त्यांच्यासाठी पाणी आणून दिलं. राग तसाच आहे.

बुध., १९ फेब्रु.

सुरेशभाऊ कालही आले, बरे दिसले. पण आज बस स्टँडवरून येताना पाहिलं, त्यांच्या काउंटरवर एक बाई कागदातलं पुडकं पदराखाली घेत होती. तिच्या चालण्यावरून कळलं. मी तशीच चालायची.

म्हणजे स्वतः गोळी जिभेखाली ठेवायची आणि दुकान तसंच.

शुक्र., २१ फेब्रु.

समुपदेशक ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ओपीडीत जे पाहिलं-ऐकलं ते बाहेर न्यायचं नाही. पण तुमच्यासोबत दुकानात जे झालं ते तुमचं आहे, ते कोणालाही सांगा.

औषध निरीक्षकांच्या नावाने अर्ज लिहिला. फक्त माझं. कधी, काय, बिनाचिठ्ठी. स्वतःचं नाव, हुद्दा, सही. प्र.ने वाचला. तुझंही नाव गावभर होईल, म्हणाला. मी म्हणाली, होऊ दे. साग तोडणारा ओळखीचा निघाला तरी पंचनामा करतेच.

एकच भीती. यामुळे सुरेशभाऊ औषध सोडून परत कॅप्सूलकडे गेले तर?

मंगळ., २५ फेब्रु.

सकाळी अर्ज निरीक्षकांच्या कार्यालयात दिला, पोच घेतली. मग ओपीडी. सुरेशभाऊ बाकावर. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून शेजारी बसून सांगितलं.

त्यांनी केसपेपरची घडी घातली. मग म्हणाले, "मी बंद केलं त लोक चंद्रपूरहून आणतीन. तुमाले काय भेटलं?"

"काही नाई. पण पुढच्या मंगळवारी तुम्ही या. माझा राग दुकानावर आहे, या बाकावर नाई."

नाव पुकारलं तसे आत गेले.

डॉक्टरबाई मला म्हणाल्या, तुमचं छान चाललंय, घाई नको, डोस कमी करायचं सावकाश पाहू. मला घाई नाही. तसं सांगितलं.

परतीच्या बसमध्ये सुरेशभाऊ माझ्यापुढे दोन सीट सोडून. आष्टीला उतरून चहा प्यायले, परत येऊन बसले. मागे वळून पाहिलं नाही. आलापल्लीला आधी तेच उतरले. चालत दुकानापर्यंत गेले, शटर अर्धं वर केलं आणि हात तसाच वर धरून उभे राहिले.

आत वाकले की शटर खाली ओढलं, ते पाहायला थांबली नाही. लालसूभाऊ गाडी सुरू ठेवून उभे होते. सागाच्या मागे वणव्याचा धूर दिसत होता.