पाच तारे मिळणार नाहीत

सोमवार, ३ मार्च

बंद! सकाळी कारखान्यात कॉम्प्युटर लावला तर पडद्यावर लाल पट्टी — ही परवान्याची किल्ली रद्द झाली आहे. कपड्यांचे नमुने काढायचं सॉफ्टवेअर उघडेना. इस्पितळाने मागवलेल्या कोटांची सगळी मापं त्यातच अडकलेली, आणि कटिंगच्या बायका कात्र्या घेऊन माझ्या तोंडाकडे बघताहेत.

किल्ली ह्यांनी आणलेली. कंपनीकडून नाही — कुठल्याशा ऑनलाइन दुकानातून, निम्म्याहून कमी भावात. "अगं, तेच सॉफ्टवेअर, तीच किल्ली. जास्त मोजायला आपण काय वेडे?" शहाणेच ते! ह्यांनी स्वस्तात आणलेली छत्री आजवर एकदाही मिटलेली नाही.

मंगळवार, ४ मार्च

सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, किल्ली एका कॉलेजला दिलेली होती, कुणीतरी ती गावभर विकली. "तुमच्याकडे परवाना नव्हताच, मॅडम." नव्हताच! खरा परवाना तिथल्या तिथे मागवला, पूर्ण भावाने. पण तपासणी वगैरे होऊन मिळायला दोन आठवडे.

दुकानदाराला खरमरीत लिहिलं. उत्तर लगेच — आधी आम्हाला पाच तारे द्या, दोन चांगले शब्द लिहा, मग दुसरी किल्ली पाठवतो. कंपनीने विचारलंच तर 'आमचं कॉलेज आहे' म्हणून सांगा!

एक तारा दिला. शून्याची सोय नव्हती म्हणून.

हे म्हणाले, "दे की पाच. तारेच ते! आपल्या बापाचं काय जातं?"

"माझं नाव जातं," म्हटलं.

बुधवार, ५ मार्च

इस्पितळाच्या खरेदीसाहेबांचा फोन. येत्या मंगळवारी कोट हवेत, नाहीतर काम समोरच्या कारखान्याला. तसं झालं तर या बायकांना मी काय देणार — उपदेश?

समोरचा मालक फाटकाशी भेटला. बातमी पोचली होती. "बाई, आता आराम करा. कागद-कात्रीचे दिवस गेले."

बरं!

गुरुवार, ६ मार्च

इस्पितळासाठी शिवलेला गेल्या वर्षीचा नमुन्याचा कोट कपाटातून काढला आणि उसवला. शिवण न शिवण! प्रत्येक तुकड्याला इस्त्री केली, खाकी कागदावर मांडून भोवती पेन्सिल फिरवली. मधल्या मापावरून लहानमोठी मापं कशी काढायची ते कॉलेजात शिकले होते — बगलेत किती वाढवायचं, खांद्यावर किती. तेव्हा कॉम्प्युटर पाहिला होता कुणी? पहिली बाही चुकली. फाडली. दुसरी बसली.

कटिंगच्या मावशी म्हणाल्या, "बाई, कागदाला किल्ली लागत नाही, ते बरंय."

हे जमिनीवर गुडघे टेकून कागदाची टोकं धरून बसले होते. "गुडघा गेला गं माझा!"

"स्वस्तातला असेल."

बायका हसून हसून बेजार. हेसुद्धा हसले. पण टोक सोडलं नाही.

शनिवार, ८ मार्च

कापड कापून झालं. मशिनी सुरू.

दुकानदाराचा निरोप — तो एक तारा काढा, नवी किल्ली फुकट देतो. ह्यांनीही तो वाचला. फुकट म्हटलं की ह्यांचे डोळे लकाकतात! पण फोन खाली ठेवला आणि कापलेले गठ्ठे मशिनींपाशी न्यायला लागले. सुधारताहेत.

तारा काढला नाही.

मंगळवार, ११ मार्च

कोट गेले. साहेबांनी बाही उलटून शिवण पाहिली, कॉलर ओढून पाहिली. नाव ठेवायला जागा सापडली नाही, म्हणून पाणी मागितलं.

गुरुवार, १३ मार्च

समोरचा मालक दारात! त्याच्याही पडद्यावर लाल पट्टी. त्याच दुकानातली किल्ली. "मी तर पाच तारे दिले होते, बाई," म्हणाला. हाताने नमुने काढणारं तिकडे कुणी नाही.

चपला बाहेर काढायला लावल्या, आत घेतलं. खाकी कागद पसरला आणि विचारलं, "गुडघे कसे आहेत तुमचे?"