चुना न पडलेले सहाशे मीटर

प्रिय लाकेर,

आज शुक्रवार आहे आणि बुधवारपासून मी हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला बसलोय. दोन ओळी झाल्या की उठतो, कुंपणापर्यंत जातो, शेळी सोडतो, पुन्हा बांधतो, परत येऊन बसतो. तुझी मामी मघाशी म्हणाली, "अंगणात एवढ्या फेऱ्या मारताय की इथं रोलर फिरवायची गरजच उरली नाही. बसा तरी, नाहीतर सांगा तरी काय झालंय." मी म्हटलं, गुडघा आखडलाय. ती शेंगा फोडायला निघून गेली. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला गुडघ्याचं निमित्त पटत नाही.

आधी इकडची बातमी सांगतो, म्हणजे हात चालायला लागेल. आपल्या रस्त्यावर डांबर पडणार आहे. किटगुमपासून थेट आपल्या नाल्यापलीकडे, शाळेच्या फाटकापर्यंत. जानेवारीत नवी माणसं आली, नवी यंत्रं आली, आणि मलाही बोलावणं आलं. जुन्या खाणी कुठे होत्या, कुठला मुरूम कुठून आणला होता, हे सांगणारा माझ्याशिवाय आता कोणी उरलेला नाही. इंजिनियर दक्षिणेकडची आहे, नामुतेबी. पस्तिशीची असेल. पहिल्याच दिवशी मला गाडीत पुढे बसवलं आणि म्हणाली, "लादित, तुम्ही फक्त बोट दाखवा, खड्डे आम्ही खणतो." मोठ्या माणसाला 'लादित' म्हणायचं, एवढी आपली भाषा ती शिकून आली आहे. टेकडीच्या खाणीत तिने मूठभर लाल माती उचलली, पाणी शिंपडलं, दाबली आणि गोळा दोन बोटांत धरून मोडून बघितला. अगदी तसंच, जसं मी तुला शिकवलं होतं. गोळा हाताला चिकटला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी, स्वच्छ दोन तुकडे झाले की रोलर बोलवायचा. मी हसलो आणि म्हटलं, "मॅडम, तुमचा गुरू चांगला होता."

तुझा गुरू मी होतो. तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि आपण सगळे लढाईमुळे छावणीत होतो, झोपडीला झोपडी लागून, स्वतःच्या शेतापासून अकरा मैलांवर. तू माझ्या झोपडीत आलीस आणि माझीच झालीस. शाळा संपवून तू रस्त्याच्या लॅबमध्ये कामाला लागलीस तेव्हा बाविशीची होतीस. खड्ड्यातली माती चमच्याने काढून पिशवीत भरायची तुझी पद्धत मला अजून दिसते. एक कण सांडू द्यायची नाहीस. मग खड्ड्यात कोरडी वाळू ओतून त्याचा आकार मोजायचा, माती तव्यावर सुकवायची, वजन करायचं, आणि माती किती घट्ट दाबली गेली त्याचा आकडा यायचा. रोलरवाले तुला घाबरायचे. आठ फेऱ्या सांगितल्या आणि सातच मारल्या तर तू मातीवर चालूनच ओळखायचीस. "बाई टाचेनं वजन करते," असं ते म्हणायचे.

आता बुधवारचं सांगतो. एकतिसाव्या किलोमीटरला, नाल्याच्या अलीकडच्या भरावात, नामुतेबीच्या माणसांनी दर पन्नास मीटरला खड्डा घेतला. तू तो भराव विसरली नसशील. तिथला मुरूम कोरडा असताना विटेसारखा आणि ओला झाला की साबणासारखा. चुना मिसळल्याशिवाय तो उभा राहणार नाही हे आपण दोघांनीही पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. शंभर किलो मातीला चार किलो चुना, वीतभर खोल, सहाशे मीटर. कागदावर तो चुना पडलेला आहे. नामुतेबीने खड्ड्याच्या भिंतीवर बाटलीतून आम्लाचे थेंब टाकले. चुना कितीही जुना झाला तरी आम्लाने फसफसतो. पहिल्या खड्ड्यात काही झालं नाही. दुसऱ्यात नाही. पाचव्या खड्ड्यापाशी ती गुडघ्यावर बसली, मातीला नाक लावण्याइतकी वाकली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लादित, इथं चुना पडलेलाच नाही. एक चमचासुद्धा नाही. तुम्ही तेव्हा लॅबला होतात ना?"

मी म्हटलं, "फार वर्षं झाली, मॅडम." लाकेर, एवढंच म्हटलं. सदुसष्टाव्या वर्षी, भर उन्हात, आठ माणसांसमोर.

पंधरा वर्षांपूर्वीचा तो मे महिना तुला सांगायची गरज नाही, पण माझ्या बाजूने तो तुला कधी कळलेला नाही. छावणी मोडायला निघाली होती. तरणी माणसं पायी घरी गेली, छपरं घातली, ज्वारी पेरली. मागे उरली म्हातारी आणि आजारी, कारण नाल्याच्या चिखलातून गाडी जात नव्हती. माझी आई त्यातच. तिच्या पोटातली गाठ तेव्हा मुठीएवढी झाली होती. रोज संध्याकाळी मी छावणीत गेलो की ती एकच विचारायची, "ओलान्या, रस्ता कुठवर आला?" मी किलोमीटर सांगायचो. ती बोटांवर मोजायची. एकदा म्हणाली, "मला इथं पुरू नका रे. इथं मला कुणी ओळखत नाही." आपल्या अंगणात, बाबांच्या शेजारी, तिला जागा हवी होती. दुसरं काही तिने आयुष्यात मागितलेलं मला आठवत नाही.

आणि चुन्याच्या गाड्या येईनात. चुना जिथून यायचा त्या तोरोरोच्या वाटेवर पूल खचला होता. साइटचे साहेब म्हणायचे, थांबा, महिनाभर लागेल. महिन्याने पाऊस, पावसात भराव बंद, म्हणजे सरळ डिसेंबर. आईकडे डिसेंबर नव्हता. मी साहेबांना सांगितलं की आधीच्या साठ्यातला चुना पुरेल, मी बघून घेतो. ते खूश झाले. साठ्यात अकरा पोती होती. ती मी वरवर पसरली, लोकांना पांढरं दिसावं म्हणून, आणि पहिल्याच वाऱ्याने ती निम्मी उडाली. बाकीची पाण्याच्या टँकरने धुऊन नेली. साध्या मुरमावर रोलर फिरवला. मला कुणी पैसे दिले नाहीत, कुणी धमकावलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आजवर मनातल्या मनात मी साहेबांना दोष देऊन बघितला आहे आणि तो बसत नाही.

तू तुझी तपासणी केलीस. एक्क्याण्णव टक्के. हवे होते अठ्ठ्याण्णव. तू तो कागद घेऊन माझ्याकडे आलीस, चपला मातीने भरलेल्या, आणि म्हणालीस, "मामा, रोलर पुढे गेला की माती मागे उशीसारखी फुगतेय. आणि चुना कुठाय?" मी म्हटलं, आजीला घरी न्यायचंय. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मग तिला याच्यावरूनच न्यायचंय ना?" मी तुझ्या हातातला कागद घेतला. म्हटलं, जा, जेवून घे. तू गेल्यावर मी नवा फॉर्म भरला. अठ्ठ्याण्णव लिहिलं. चुन्याची खोली वीतभर लिहिली. खाली 'तपासणारा' म्हणून एक रकाना होता. तिथे मी तुझं नाव घातलं, कारण खड्डे तू घेतले होतेस आणि सगळ्यांनी तुला घेताना बघितलं होतं. तुझा कागद मी माती सुकवायच्या शेगडीत टाकला.

जूनच्या चार तारखेला आई ट्रकच्या केबिनमध्ये माझ्या आणि ड्रायव्हरच्या मध्ये बसून घरी गेली. भरावावरून जाताना तिने खिडकीची काच खाली करायला लावली. अंगणात बारा दिवस जगली. मलाक्वांगची भाजी मागून खाल्ली, शेजारणीशी कुंपणावरून भांडलीसुद्धा. हेही मी लिहिणारच. त्या बारा दिवसांची मला लाज वाटत नाही, आणि कदाचित तीच सगळी अडचण आहे. नुसतं वाईट काम केलं असतं तर माणूस कधीतरी कबूल करून मोकळा होतो. माझ्याकडे नेहमी दाखवायला ते बारा दिवस होते.

ऑगस्टमध्ये नाल्याचं पाणी भरावाला लागलं. डावी बाजू बसली आणि ओपिराची कापसाची गाडी नाल्यात उलटली. त्याचा उजवा पाय मांडीपासून काढावा लागला. पुढच्या आठवड्यात चौकशीला तिघे आले. कंटेनरच्या ऑफिसात पंखा बंद होता, तू दाराशी उभी होतीस, आईच्या दुखवट्याचं कापड अजून डोक्याला होतं. त्यांनी फॉर्म पुढे ठेवला आणि मला विचारलं, ही घनता कशी आली? मी म्हणालो, "मुलगी नवीन होती. वाळू ओतताना चूक झाली असेल." मग त्यांनी तुला विचारलं. मी जमिनीकडे बघत होतो, म्हणून तुझा चेहरा मला माहीत नाही. फक्त आवाज माहीत आहे. तू म्हणालीस, "मामा म्हणतात तसंच असेल."

त्यांनी ते लिहून घेतलं. चुन्याबद्दल कुणी विचारलंच नाही. एका बाजूला दगड टाकून भराव उभा केला, तुला काढलं, आणि मी त्याच लॅबमध्ये आणखी नऊ वर्षं काम करून निरोपाचं घड्याळ घेऊन घरी आलो. तू लिराला गेलीस, शाळेचे गणवेश शिवायला लागलीस. सणाला येतेस, मामीला कापड आणतेस, माझ्या पाया पडतेस. पंधरा वर्षांत त्याबद्दल तू मला एक शब्द बोलली नाहीस, आणि मी दर वेळी मनात म्हटलं की ती विसरली असेल. ओपिरा आता चौकात कोळसा विकतो. मी दिसलो की कुबडी उचलून म्हणतो, "लादित, या, बसा." त्यालाही मी अजून काही सांगितलेलं नाही. सोमवारी त्याच्याकडेही जायचं आहे, आणि त्याची भीती मला ऑफिसपेक्षा जास्त वाटते.

बुधवारचं अर्धंच सांगितलं. मी 'फार वर्षं झाली' म्हटल्यावर नामुतेबी गाडीपाशी गेली, जुनी फाइल काढली आणि तपासणाऱ्याचं नाव वाचलं. मग कपाळाला आठ्या घालून तिने फोनमध्ये काहीतरी शोधलं. म्हणाली, "हे नाव मी परवाच वाचलंय. आमच्या लॅबसाठी अर्ज आलाय, लिराहून. सोबत चांगलं पत्रही आहे, मातीबद्दल इतकं नेमकं लिहिणारं माणूस मला महिनाभरात भेटलं नाही. मी हिलाच घेणार होते." तिने फाइल मिटली. "वाईट वाटतं. पण जिने न पडलेला चुना पडला म्हणून लिहिलं, तिच्या हाती मी लॅब कशी देऊ? सोमवारी यादी पाठवायची आहे." आणि ती पुढच्या खड्ड्याकडे गेली. मी तिथेच उभा. तू अर्ज केलास हे मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं शिवणयंत्रावर बसून तुला माती आठवत होती, हे मला माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? मी कधी विचारलंच नाही.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. काल सकाळी मी तिच्या ऑफिसच्या दारापर्यंत गेलो होतो. आत माणसं होती. मी पहारेकऱ्याला विचारलं, तुझा मका कसा आला, आणि परत फिरलो. म्हणजे बघ, मी अजून तोच आहे. माझा मला भरवसा नाही, आणि म्हणून हे पत्र. क्षमा मागायला नाही, ती मागायची असती तर मी बस धरून लिराला आलो असतो. या पत्रासोबत दुसरा कागद आहे. त्यावर चुन्याचं, फॉर्मचं आणि त्या शेगडीचं सगळं लिहिलंय, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर सही केली आहे, त्यांचीही साक्षीची सही आहे. त्याची एक प्रत माझ्या खिशात आहे, ती घेऊन मी सोमवारी आठ वाजता नामुतेबीकडे जाणार. पण तुझी प्रत आज चारच्या बसने कंडक्टरच्या हाती निघेल आणि उद्या तुझ्याकडे पोचेल. मी सोमवारी गेलो तर चांगलंच. पण पुन्हा दारातून मक्याची चौकशी करून परतेन की काय, सांगता येत नाही, म्हणून तू माझी वाट बघू नकोस, माझं वय बघू नकोस, आणि या वेळी मामा म्हणतात तसं म्हणू नकोस. हा कागद घे, पहिली बस पकड आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेव. बस आली, हॉर्न ऐकू येतोय. आता पाकीट चिकटवतो.

तुझाच,
ओलान्या मामा