विलीनीकरणाची खोली

३ फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस. आमची गेम कंपनी आणि पलीकडची मोठी गेम कंपनी एक होणार. साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, दोन्हीकडची गुपितं वाचून नव्या कंपनीचा आराखडा कोण करेल? सगळे खाली बघायला लागले. मी हात वर केला. नेतृत्व म्हणतात ते हेच.
वकीलबाईंनी अट सांगितली. वेगळ्या खोलीत बसायचं. आत वाचलेलं बाहेर बोलायचं नाही, आणि विलीनीकरण होईपर्यंत आपल्या गेमला हात लावायचा नाही. सरकारी नियामकांची परवानगी तेवढी बाकी आहे. औपचारिकता.

५ फेब्रुवारी
बोटींचा गेम दाढीच्या हवाली केला. दाढी म्हणजे माझा जोडीदार. पहिल्या लाटेपासून गेम आम्ही दोघांनीच बनवला. जाऊ नकोस म्हणाला. मत्सर. समजून घेतलं.
खोलीला खिडकी नाही. एकाग्रतेला उत्तम.

२१ फेब्रुवारी, दुपार
पलीकडच्यांच्या फायली उघडल्या. तेही बोटींचाच गेम करतायत! आमच्या आधी बाजारात आणणार आहेत.
दाढीला सांगायला ताडकन उठलो. दारापर्यंत गेल्यावर अट आठवली. परत बसलो.
हरकत नाही. एक झालो की दोन्ही गेम आपलेच. प्रमुख मी.

१७ मार्च
कॅन्टीनमध्ये मी टेबलाशी गेलो की सगळे गप्प होतात. माझ्यासमोर कामाचं बोलू नका, असं वकीलबाईंनी बजावलंय म्हणे. आधी वाटलं, दरारा.
उद्यापासून डबा खोलीतच. वेळ वाचेल.

९ एप्रिल
नियामकांनी आणखी कागद मागवले. विचारतायत, दोन्ही कंपन्या एक झाल्या तर गेम खेळणाऱ्यांना दुसरा पर्याय काय उरणार? पोरकट प्रश्न. पर्याय हवाय कशाला? मी आहे ना.
ही म्हणाली, हल्ली घरीही तोंडाला कुलूप असतं. म्हटलं, मोठ्या पदाची किंमत. हिने विचारलं, कुठलं पद? नाव अजून ठरायचंय.

२ जून
आराखडा पूर्ण. सर्वात वरच्या चौकोनात मी. साहेब तिसऱ्या ओळीत गेले होते. मन मोठं करून दुसऱ्या ओळीत घेतले.
नियामक अजून वाचतायत. वाचनाचा वेग कमी दिसतो.

२६ जून
दाढी आला. आत यायची परवानगी नाही म्हणून दारातच उभा राहिला. गेम आहे तसा बाजारात आणावा, की थांबून समुद्राचं पाणी आणखी खरं करावं, एवढंच विचारत होता. म्हणाला, "बोलू नकोस. नुसती मान हलव."
मान ताठ धरली. दुखायला लागली इतकी.
तो बराच वेळ वाट बघत होता. मग म्हणाला, "बरं. थांबतो मग. पाणी नीट करतो."
चूक. साफ चूक. मी फाईलमध्ये तोंड खुपसलं.
घरी जेवलो नाही. हिला सांगितलं, पोट बिघडलंय.

१४ ऑगस्ट
पलीकडच्यांचा बोटींचा गेम आला. तुफान खपतोय. आमचा आता कोण घेणार?
लिफ्टमध्ये दाढी होता. त्याने विचारलं, "तुला माहीत होतं?"
मी म्हटलं, आज उकडतंय, नाही?
एक झालो की सगळी भरपाई करणार. आराखड्यात दाढीला साहेबांच्या शेजारी बसवलं.

३० सप्टेंबर
नियामकांनी विलीनीकरण रोखलं. कारण तोच पोरकट प्रश्न.
चहा होईपर्यंत सावरलो. खरं तर बरंच झालं. उद्यापासून दाढीशेजारी माझ्या जुन्या जागेवर. सगळं सांगून टाकायचं, माफी मागायची, नवा गेम सुरू करायचा.

१ ऑक्टोबर
जुन्या जागेवर दुसराच कोणीतरी. दाढीने राजीनामा दिलाय. पलीकडच्या कंपनीत गेला. म्हणजे विलीनीकरण झालं, पण त्याच्या एकट्याचं.
वकीलबाई म्हणाल्या, पलीकडचे आता पुन्हा आपले स्पर्धक आणि त्यांची गुपितं तुमच्या डोक्यात. तेव्हा दोन वर्षं कुठल्याही गेमला हात लावायचा नाही. दाढीशी कामाचं बोलणं तर नाहीच नाही. राजीनामा देतो म्हटलं, तर दुसऱ्या गेम कंपनीत जायलाही बंदी. मला दुसरं काही येत नाही.
विचारलं, मग खोलीत मी करायचं काय?
त्यांनी जरा विचार केला. "बसा," म्हणाल्या.
बसलोय.