दुकानातला पत्रांचा खण

सॉरेल रन भट्टी, पेनसिल्व्हेनिया
१२ नोव्हेंबर १८४१

प्रिय लोविना,

अक्षर ओळखलं असशीलच. रागानं बाजूला टाकू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच. कोळसे पाडणाऱ्या डार्बीचा हात धरून तू गेलीस त्याला दीड वर्ष झालं, आणि एवढ्या काळात तुझी एक ओळही माझ्या हाती लागली नाही. तू जिवंत आहेस का, एवढंसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

इकडे लोखंडाची भट्टी एप्रिलपासून पेटती आहे. तुझे बाबा अजून शेगड्यांच्या पाट्या ओततात. खोकला वाढलाय, पण बोलायची सोय नाही, लगेच अंगावर येतात. शेजारच्या ड्रुसिलाची गाय गेली. कंपनीचं दुकान मात्र होतं तसंच आहे. दारातच काकवीचं पिंप, खारवलेल्या माशांचा तोच वास, आणि गल्ल्यामागे तो पत्रांचा खण. खणापुढे प्रॉसर.

या प्रॉसरला मी वर्षभर पाण्यात पाहिलं. तूच सांग, कोणाकडे चहा संपला, कोणाला बाळंतपणासाठी फ्लॅनेलचं कापड लागणार, हे ज्या माणसाला नवऱ्यांच्याही आधी कळतं, त्याच्याच हातात गावाची पत्रं. मी दर शनिवारी व्हिनेगर आणायच्या निमित्तानं जायची. घरात व्हिनेगरच्या सात बरण्या झाल्या. मी तोंड उघडायच्या आत तो पाठमोराच म्हणायचा, "नाही काही, बाई." खणाकडे न बघता याला कसं कळतं? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

ड्रुसिलानं त्यात तेल ओतलं. म्हणाली, "अगं, तो पत्रं दिव्यासमोर धरतो, मी या डोळ्यांनी पाहिलंय. बाहेर मजुरी किती मिळते ते इथं कळलं तर मालकाकडे राहील कोण? दाबत असणार मेला." मला पटलं. पटलं म्हणजे काय, पटवूनच घ्यायचं होतं. मी ते सहा घरी सांगून आले. ऑगस्टपर्यंत बायका त्याच्याशी कामापुरतंही बोलेनाशा झाल्या, आणि एका सकाळी त्याच्या पायरीवर कोणीतरी भट्टीतली टोपलीभर मळी ओतून ठेवली. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुकान माणसांनी भरलेलं असताना मी त्याला तोंडावर विचारलं, "माझ्या लेकीची पत्रं कुठं लपवलीत?" त्याचे कान लाल झाले. तो माझ्याकडे बघेचना, माझ्या खांद्यावरून मागे शेगडीकडे बघत होता. मी आणखी चार शब्द सुनावले. तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाई, पत्र दाबलं तर मी तुरुंगात जाईन. दोन आली होती. एक फेब्रुवारीत, एक जूनमध्ये. दोन्ही नाकारली गेली. कोणी नाकारली, ते मला विचारू नका." मी मागे वळले. शेगडीपाशी तुझे बाबा आपल्या बुटांकडे बघत बसले होते.

आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. टपालाचे पैसे पत्र घेणाऱ्यानं मोजायचे, पावणेएकोणीस सेंट, तेव्हा पत्र हातात पडतं. घरच्या कर्त्यानं नको म्हटलं की विषय संपला. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत बसले होते.

घरी आल्यावर तुझे बाबा आधी जेवले. मग म्हणाले, "परत येते म्हणून तिनं लिहिलं असतं, तर तू दार उघडलं असतंस." मी म्हटलं, "हो. उघडलं असतं." त्यानंतर मी त्यांना जेवायला वाढते, बोलत नाही. इतकी वर्षं या माणसाशेजारी झोपले आणि संशय मात्र दुकानदाराचा घेतला, याची मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी प्रॉसरची माफी मागायला गेले. तो म्हणाला, "असू द्या. तुमच्या नवऱ्यानं, इफ्रेमनं, शब्द घेतला होता माझ्याकडून. मला वाटायचं तुम्हालाही माहीत असेल, लोकांना दाखवायला म्हणून विचारत असाल." शिक्का पिट्सबर्गचा होता, हे त्यानंच सांगितलं, म्हणून हे पत्र तिथेच धाडतेय. मी विचारलं, ती पत्रं परत मिळतील का? तो म्हणाला, नाकारलेली पत्रं वॉशिंग्टनला जातात आणि तिथे जाळतात.

म्हणजे तू काय लिहिलं होतंस ते मला आता कधीच कळायचं नाही. काही मागितलं होतंस, का काही सांगायचं होतं, का घरात पाळणा हलला होता? पुन्हा लिही. प्रॉसर माझ्याच हातात देईल, तसं कबूल केलंय त्यानं. मालकिणीच्या स्वयंपाकिणीला अंडी विकून मी या पत्राचं टपाल इथेच भरलंय. टपाल आधी भरणं म्हणजे घेणाऱ्याची ऐपत काढणं, असं आपल्यात मानतात, त्याचा राग धरू नकोस. तू दोनदा लिहिलंस आणि या घरातून चकार शब्द आला नाही. आता सॉरेल रनचा शिक्का बघून तूही नको म्हणालीस, तर मी कुठल्या तोंडानं तुला दोष देऊ? त्या भीतीनंच भरलं गं.

अजूनही तुझीच,
आई