खाट शेजाऱ्यांकडे

सोमवार, १२ मार्च १९८४. मुलुंड.

उद्या हाऊसिंग बोर्डाचा साहेब खोली तपासायला येणार. खोली माझ्या नावावर, तर मी स्वतः राहतो की भाड्याने दिली, एवढंच बघणार. संशय आला तर खोली गेली. आणि सूनबाईंनी काय करावं? माझी खाटच शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली! धोतर, काठी, खोकल्याची बाटलीसुद्धा. म्हणे, "बाबा, साहेबांना घर कसं झकास दिसायला पाहिजे ना!" मुलगा बाजूला उभा राहून मान हलवतो. बी.ए. झालेला बैल. अरे, खाट नाही तर म्हातारा झोपतो कुठे, हे साहेब विचारणार नाही? शेवटी मीच खाट ओढत परत आणली आणि दारातच टाकली. सून ओरडली, "अहो बाबा, माणसांनी आत यायचं कसं?" म्हटलं, वळसा घालून या. साहेब मला बघून जाईपर्यंत मी इथून उठत नाही.